नाही म्हणणारा माणूस शोधा

मंडळी, या वयात स्कूबा डायव्हिंगवर लिहिते आहे म्हणून हसू नका. उभा जन्म मराठी आणि भूगोल शिकवण्यात गेला. पाण्याशी माझा संबंध फार तर रंकाळ्याच्या कट्ट्यावर बसून भडंग खाण्यापुरता. पण गेल्या दिवाळीपासून हा विषय माझ्या डोक्यातून जात नाही, आणि घरात त्यावरून एक अबोलाही झाला आहे. तेव्हा म्हटलं, एकदाचं लिहून मोकळं व्हावं. नातेवाईक मंडळी हे वाचतातच. त्यांना माझी बाजू कळेल, आणि ज्यांची मुलं-नातवंडं 'मला डायव्हिंगला जायचंय' म्हणून मागे लागली आहेत त्यांना थोडा उपयोगही होईल.

झालं असं. दिवाळीला मुलगा, सून आणि दोन्ही नातवंडं पुण्याहून कोल्हापूरला आली. थोरला नातू एकोणीस वर्षांचा, धाकटी नात तेरा वर्षांची. फराळाचे डबे रिकामे व्हायच्या आत दोघांनी जाहीर केलं की यंदा स्कूबा करायचंच. मग सुरू झाला ठिकाणांचा खल. नातवाचं म्हणणं अंदमान. पाणी स्वच्छ, प्रवाळ सुंदर. ज्याला आपण हॅवलॉक म्हणायचो आणि २०१८ पासून ज्याचं नाव स्वराज द्वीप आहे, ते तर डायव्हिंगचं माहेरघरच. सून म्हणाली लक्षद्वीप. पण तिथे प्रवेशाचा परवाना आधी काढावा लागतो. मुलाच्या मित्राने गोव्याचं ग्रँड आयलंड सुचवलं. कुणी कर्नाटकातल्या मुरुडेश्वरजवळचं नेत्राणी बेट सांगितलं. शेवटी रजा, पैसे आणि माझे गुडघे या तिन्हींचा विचार करून मालवण ठरलं. फोंडा घाट उतरला की कोकण. विमान नको, बोटीचा लांबचा प्रवास नको.

ठिकाण ठरवण्यात आम्ही चार दिवस घालवले. डायव्हिंग कोणाबरोबर करायचं हे मात्र मुलाने फोनवर चार मिनिटांत ठरवलं. ज्याने सर्वांत कमी पैसे सांगितले तो! इथेच आमची चूक झाली, आणि माझ्या मते बहुतेकांची इथेच होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी किनाऱ्यावर पोचलो. ही गर्दी! पंधरा-वीस माणसं रांगेत. एक मुलगा हातात कागद घेऊन फिरत होता. प्रत्येकाला एक फॉर्म आणि पेन देऊन म्हणायचा, "सगळीकडे 'नाही' वर टिक करा आणि खाली सही करा. लवकर, बोट लागलीय."

माझ्या नातवाने सगळीकडे 'नाही' वर टिक केली आणि सही केली.

आता सांगते. माझ्या नातवाला लहानपणापासून दमा आहे. फार नाही, पण आहे. थंडी पडली की पंप लागतो. आदल्या डिसेंबरमध्ये कोल्हापुरात असताना रात्री दोन वाजता मीच त्याच्या पाठीवरून हात फिरवत बसले होते. आणि तरीही त्या दिवशी किनाऱ्यावर मी गप्प बसले. मागे रांग होती, मुलगा घाईत होता, नातवाच्या चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता. म्हटलं, रोज एवढी माणसं करतात, काही होत नसेल. फॉर्म गोळा करणाऱ्या मुलानेही कोणाला तरी सांगितलंच होतं, "काही होत नाय हो, वीस फूट तर पाणी!"

देवाची कृपा म्हणा, त्या बोटीत मावणार नाहीत इतकी माणसं भरलेली पाहून माझा मुलगाच बिथरला. पाण्यात एका माणसामागे किती जण उतरणार, असं त्याने विचारलं, तर उत्तर आलं, "बघू, होईल अ‍ॅडजस्ट." आम्ही उतरलो आणि परत फिरलो. आगाऊ दिलेले पैसे गेले. मी मनातून सुटले, पण ते माझ्या बोलण्याने नव्हे, गर्दीच्या कृपेने!

आम्ही उतरलो होतो त्या घरच्या वहिनींनी मग दुसऱ्या एकाचा पत्ता दिला. छोटं दुकान, बाहेर सुकत घातलेले पोहण्याचे रबरी कपडे, आत फळ्यावर खडूने काढलेल्या हाताच्या खुणा. फळा पाहिला आणि मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं! तिथल्या मालवणी मुलाने पहिल्यांदा काय सांगितलं असेल? "आज नाय. पाणी गढूळ आसा, वारोय आसा. उद्या सकाळी येवा." समोर चार गिऱ्हाईकं उभी, दिवाळीची सुट्टी, आणि हा नाही म्हणतोय. मुलगा कुरकुरला. मला मात्र तो माणूस त्याच क्षणी आवडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो. त्याने आम्हाला बाकावर बसवलं आणि अर्धा तास शिकवलं. मी आयुष्यभर शिकवलं आहे, त्यामुळे शिकवणारा कच्चा की पक्का हे मला पाच मिनिटांत कळतं. हा पक्का होता. पहिलीच गोष्ट त्याने खोडून काढली ती म्हणजे पाठीवरच्या टाकीत ऑक्सिजन असतो ही. टाकीत असते ती साधी, आपण घेतो तीच हवा. फक्त दाबून भरलेली. मग म्हणाला, "पाण्याखाली एकच नियम विसरायचा नाही. श्वास कधीही रोखून धरायचा नाही. नळीतून सतत घेत राहायचा, सोडत राहायचा."

का, ते त्याने फुगा दाखवून सांगितलं. विज्ञानाच्या आमच्या कुलकर्णीबाई असत्या तर त्यांनी पाठ थोपटली असती. दर दहा मीटर खोलीला एका वातावरणाइतका दाब वाढतो. म्हणजे दहा मीटरवर दाब दुप्पट. तिथे भरलेला फुगा वर आणला तर आकाराने दुप्पट होतो. आपली फुप्फुसं म्हणजे दोन फुगेच. खाली दाबाची हवा घेतली आणि श्वास रोखून वर आलं, तर ती हवा फुगते आणि फुप्फुसाला इजा करू शकते.

मी विचारलं, "पण तुम्ही खोल जाणारच नाही ना? वीस फूटच ना?"

त्यावर तो म्हणाला, "आजी, हीच तर गंमत आहे." आणि फळ्यावर आकडे लिहिले. तीस मीटरवरून वीस मीटरवर आलं तर दाब चारपटीचा तिप्पट होतो, म्हणजे हवा साधारण सव्वापट-दीडपटीच्या मधे कुठेतरी फुगते. पण पाच मीटरवरून नुसतं वर आलं तरी हवा बरोबर दीडपट होते! म्हणजे दाबाचा सगळ्यात मोठा फेरफार वरच्या पाण्यातच. उथळ पाण्यात बुडायची भीती कमी, हे खरं. पण फुप्फुसांचं गणित उथळ पाण्यातच जास्त कडक आहे. 'वीस फूट तर पाणी, काही होत नाही' हे वाक्य किती पोकळ आहे, ते मला तेव्हा कळलं.

मग फॉर्म आला. तसलाच, आदल्या दिवशीसारखा. पण याने पेन हातात देण्याआधी एकेक प्रश्न मराठीत मोठ्याने वाचला. कानाचा त्रास आहे का? कधी शस्त्रक्रिया झाली आहे का? चक्कर, फिट? पंचेचाळीशी ओलांडलेल्यांसाठी तर वेगळेच प्रश्न. (मी गंमत म्हणून 'मी पण उतरू का?' विचारलं, तर म्हणाला, "आजी, आधी डॉक्टरांची चिठ्ठी, मग मी हात धरून नेतो.") मग आला तो प्रश्न. दमा आहे का? श्वासाचा त्रास, पंप?

नातू म्हणाला, "नाही."

मी म्हणाले, "आहे. पंप घेतो तो. गेल्या हिवाळ्यातसुद्धा घेतला."

दुकानात शांतता पसरली. नातवाने माझ्याकडे पाहिलं, ते मी विसरणार नाही. मुलगा म्हणाला, "आई, तू जरा गप्प बस ना." सून काहीच बोलली नाही. त्या मुलाने पेन खाली ठेवलं आणि नातवाला म्हणाला, "दादा, मग आज नाही. छातीच्या डॉक्टरांची सही आण, मी स्वतः तुला नेईन." दम्यात श्वासाच्या बारीक नळ्या आकसतात. आत घेतलेली हवा कुठेतरी अडकून राहू शकते, आणि वर येताना तीच फुगते. फुगा तसाच, पण त्याचं तोंड बांधलेलं! हे त्याने समजावलं. नातू ऐकत नव्हता. तो उठून बाहेर वाळूत जाऊन बसला. जाताना त्या मुलाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "दर्यो खंय पळान जाणा नाय."

नात मात्र उतरली. तिच्याबरोबर एकच माणूस, फक्त तिच्यासाठी. नाक चिमटीत धरून हळूच फुंकर मारायची म्हणजे कानांवरचा दाब जातो, हे आधी कमरेएवढ्या पाण्यात दोनदा करून घेतलं. सर्दी असेल तर उतरायचंच नाही, हेही सांगितलं. पाण्यात मजाच झाली. तिला मासे दिसले, काळ्या पट्ट्यांचे, पिवळसर. आनंदाने तिने अंगठा वर करून 'भारी!' अशी खूण केली. आणि पाण्याखाली वर केलेला अंगठा म्हणजे 'मला वर जायचंय'! झालं, त्याने तिला अलगद वर आणलं. फळ्यावर ती खूण काढलेली होती, बाईसाहेबांनी धड्याकडे लक्ष दिलं नव्हतं. 'सगळं ठीक' म्हणायचं तर अंगठा आणि तर्जनीचं वर्तुळ करायचं. मग पुन्हा खाली गेली. पण मला त्यातलं आवडलं ते हे, की त्याने 'अगं तुला ठीक म्हणायचं असेल' असा अंदाज बांधला नाही. मुलीने वर म्हटलं, वर आणलं. चर्चा वर आल्यावर.

परतताना त्याने आम्हाला विचारलं, "आज कुठे जाणार? विमान आहे का?" डायव्हिंग केल्यावर लगेच विमानात बसू नये, निदान बारा तास, जास्त वेळा उतरला असाल तर अठरा तास थांबावं, असं म्हणतात. उंचावर हवेचा दाब कमी होतो आणि शरीरात विरघळलेल्या नायट्रोजनचा त्रास होऊ शकतो. आम्ही घाट चढून जाणार म्हटल्यावर त्याने तेही टाळायला सांगितलं. "रात्र इथेच काढा, माशाचा जेवण जेवा, उद्या जावा." एकदाच, तेही उथळ पाण्यात उतरलेल्या मुलीसाठी इतकी काळजी! गिऱ्हाइकाचे पैसे हातात पडल्यावरही त्याची काळजी करणारा माणूस मला फार दिवसांनी भेटला.

आता माझं मत. नवख्या माणसाने ठिकाण आधी निवडूच नये. आधी माणूस निवडावा. प्रवाळ किती सुंदर, पाणी किती पारदर्शक, हे सगळं पन्नास वेळा उतरलेल्याचे चोचले आहेत. पहिल्यांदा उतरणाऱ्याचं निम्मं लक्ष स्वतःच्या श्वासाकडे असतं. त्याला समोर दहा फूट दिसलं काय आणि साठ फूट दिसलं काय, सारखंच. त्याला हवा असतो धीर देणारा हात. आणि तो हात कसा ओळखायचा? फोनवर भाव विचारण्याआधी हे विचारा: पाण्यात माझ्याबरोबर कोण असेल, आणि त्याच वेळी तो आणखी किती जणांना सांभाळणार? त्याचं प्रशिक्षकाचं कार्ड कोणत्या संस्थेचं, क्रमांक काय? पॅडी, एसएसआय, सीएमएएस अशा संस्था आहेत, आणि पॅडीसारख्या संस्थेच्या साइटवर क्रमांक टाकून खात्री करता येते. टाकी माझ्या पाठीवर असेल की बोटीवर ठेवून नुसती नळी खाली येणार? बोटीवर तातडीचा ऑक्सिजन आहे का? (इथे मात्र खरा ऑक्सिजन!) आणि शेवटचा, माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न: "तुम्ही शेवटचं कोणाला 'नाही' कधी म्हणालात?" जो हसून सांगेल, 'अहो, परवाच एकाला परत पाठवला', त्याच्याकडे जा. जो म्हणेल, 'आमच्याकडे कुणालाच नाही म्हणत नाही', त्याला नमस्कार करा.

भाषेचंही सांगते. मी मराठी माध्यमातून शिकले, शिकवलंही मराठीतूनच, म्हणून म्हणते असं समजू नका. घाबरलेल्या माणसाला परकी भाषा निम्मीच ऐकू येते. आमच्या नातीचं शिक्षण इंग्रजी माध्यमातलं, पण पाण्यात उतरताना तिला 'घाबरायचं नाय गो' यानेच धीर आला. नवख्या मराठी माणसासाठी मालवण-तारकर्लीचं हे बलस्थान आहे. आणखी एक भेद ध्यानात ठेवा. एकदा हात धरून पाण्याखाली फिरवून आणतात ती नुसती ओळख. त्याचं 'प्रमाणपत्र' दिलं तरी तो परवाना नव्हे. खरं शिकायचं तर ओपन वॉटरसारखा अभ्यासक्रम. त्यात पाठ असतात, तलावातला सराव असतो, मग समुद्रातल्या चार डाइव्ह, आणि नंतर अठरा मीटरपर्यंत जायची मुभा. ओळख घराजवळ करून घ्यावी आणि आवडलं तर अभ्यासक्रमासाठी नेत्राणी, अंदमान गाठावं. पावसाळा सोडून. पश्चिम किनाऱ्यावर तेव्हा हे सगळं बंदच असतं.

कुणी म्हणेल, बाई, तुमचं ऐकून त्या गरीब पोरांचा धंदा बसेल. एवढे नियम पाळायचे तर दर वाढणार, आणि मग साध्या घरातल्या मुलांनी जायचं कुठे? मुद्दा खोटा नाही. स्वस्त होतं म्हणूनच आमच्यासारखे लोक किनाऱ्यावर पोचले. आणि मालवणच्या पोरांना पाणी कळत नाही, असं म्हणायची माझी काय प्राज्ञा? पण घाई त्यांना कोणी लावली? आपणच. आपण चार जणांना फोन करून सर्वांत कमी भाव निवडतो. मग तो दिवसाला दहाच्या जागी चाळीस माणसं उतरवतो आणि चाळीस फॉर्म वाचायला त्याला वेळ उरत नाही. हीच घाई खालच्या प्रवाळांनाही भोवते. माशांना पाव टाका, दगडावर उभे राहून फोटो काढा. मालवणचा समुद्र १९८७ पासून अभयारण्य आहे हे किती जणांना ठाऊक असतं?

फॉर्म घाईत भरून घेतला की तो खोटाच भरला जातो, हे मी शिक्षिका म्हणून फार आधी शिकायला हवं होतं. पुष्कळ वर्षांपूर्वी आमच्या शाळेच्या सहलीत एका मुलीला समुद्रकाठी फिट आली. नशिबाने ती वाळूत होती, पाण्यात नव्हती. संमतीपत्रावर आईने 'कोणताही आजार नाही' असं लिहिलं होतं. नंतर आई रडत म्हणाली, "बाई, लिहिलं असतं तर तुम्ही तिला नेलं नसतंत." ते संमतीपत्र मीच गोळा केलं होतं. मधल्या सुट्टीत, चाळीस एकदम, न वाचता. तेव्हा मी त्या आईवर रागावले. आज वाटतं, चूक निम्मी माझी होती. विचारणाऱ्याला उत्तर ऐकायची इच्छा नसली की सांगणाराही सांगत नाही.

म्हणून पहिल्या दिवशीच्या माझ्या गप्प बसण्याची मला जास्त लाज वाटते, दुसऱ्या दिवशीच्या बोलण्याची नाही. चारचौघांत बोलले, त्याला बाजूला घेऊन बोलायला हवं होतं, हे मात्र कबूल. एकोणीस वर्षांच्या मुलाला आजीने सगळ्यांसमोर उघडं पाडणं बरं नव्हे. त्याबद्दल मी त्याची क्षमा मागते, इथे, सगळ्यांसमोरच.

डिसेंबरात तो पुण्यात छातीच्या डॉक्टरांकडे गेला, हे मला सुनेकडून कळलं. नळीत फुंकायची चाचणी झाली, पळवून पुन्हा फुंकायला लावलं. डॉक्टर म्हणाले, यंदा नको. औषध नियमित घे, वर्षाने परत बघू. संक्रांतीला त्याचा फोन आला. "आजी, तिळगूळ घे, गोड बोल." मी म्हटलं, "तूही." आणि फोन ठेवला त्याने. गोड बोलण्याइतकं अजून जमलेलं नाही, पण निदान बोलला.

असो. तुमच्यापैकी जे डायव्हिंग करून आले आहेत, त्यांनी जरूर कळवा. किती मासे दिसले ते नको. तुम्हाला कुणी, कुठे, कशावरून 'आज नाही' म्हटलं, ते कळवा. मी वहीत नोंद ठेवते आहे. पुढच्या दिवाळीपर्यंत यादी तयार हवी.